क्रूसाची मागची बाजू

आमच्या बाबांना डोळे मिटून दगड बघायची सवय होती. डोळे चांगले होते तेव्हासुद्धा. धाकट्या भावाने कबरीचा एखादा दगड घासून तयार केला की बाबा यायचे, पँटला हात पुसायचे, डोळे मिटायचे आणि तळवा दगडावरून सावकाश फिरवायचे. बोट कुठे थांबलं की भावाचा जीव वरखाली. "इथे पोट आलंय," बाबा म्हणायचे, म्हणजे तिथे दगड जरा फुगीर राहिलाय. नाहीतर, "इथे काहीतरी लागतंय बोटाला." की दगड परत घासायला. बोटाला काही लागता कामा नये. दहा आज्ञा चर्चमध्ये होत्या, ही अकरावी आमच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, उगाच मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका.

आम्ही पाथरवट. आजोबाही तेच, त्यांचे वडीलही तेच. मी घरात मोठी, आणि दगडावरची अक्षरं आखायचं काम माझं. मी पेन्सिलीने आखते, भाऊ छिन्नीने कोरतो. नाव, दोन तारखा आणि खाली एखादी ओळ. त्या एका ओळीवरून नातेवाइकांची जी भांडणं होतात त्यांच्यावर मी एखादं पुस्तक लिहीन. मेलेल्या माणसाच्या नावात चूक झाली तर तो काही तक्रार करायला येत नाही, पण त्याची बायको येते. म्हणून मी हळू काम करते. भाऊ मात्र सगळं घाईने करतो. लहानपणी शाळेत पोचायचा सगळ्यांच्या आधी आणि दप्तर घरी. त्याचं नाव घरात धांदल्या पडलं, ते लग्न होऊन दोन मुलं झाली तरी तसंच राहिलं. त्याची बायकोसुद्धा, चिडली की, त्याला त्याच नावाने हाक मारते.

पण एक सांगते, माझा भाऊ कामचुकार नाही. घाई करायचा, पण बाबांनी परत पाठवलेला दगड पुन्हा घासायला बसायचा, आणि मान खाली घालून बसायचा. बाबांच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. काम उत्तम झालं तर बाबा म्हणायचे, "चालेल." त्या एका 'चालेल'वर धांदल्या आठवडाभर शीळ घालत हिंडायचा. मला राग यायचा. मी बाबांना म्हणायची, "अहो, एकदा 'छान' म्हटलंत तर तुमची जीभ झडेल का?" बाबा म्हणायचे, "छान झालं की म्हणेन."

आता त्या क्रूसाबद्दल.

आमच्या दफनभूमीच्या अगदी टोकाला, मागच्या भिंतीला पाठ करून, एक दगडी क्रूस उभा आहे. चर्चपेक्षा जुना आणि बहुतेक गावापेक्षाही. इतिहासवाले लोक अधूनमधून येतात, मोजमापं घेतात, फोटो काढतात. कुणी म्हणतं सहाशे वर्षांचा, कुणी म्हणतं आठशे. त्यांची दोनशे वर्षं इकडची तिकडे झाली तर चालतं, माझी एक तारीख चुकली तर दगड फुकट. असो. क्रूस चांगला दोन माणसं उंच, वाळूच्या दगडाचा, आणि आम्हाला कळायला लागल्यापासून काळाकुट्ट. शेवाळ, पाऊस आणि मेणबत्त्यांचा धूर यांनी त्याचा मूळ रंग कधीच गिळला होता. भिंत आणि क्रूस यांच्यामध्ये काटेरी झुडपांची दाट जाळी होती. पायवाट पुढच्या बाजूने येते. मागे कुणी जात नसे, जायचं कारणही नव्हतं.

बघणाऱ्याला त्या क्रूसावर काही दिसत नसे. नुसता दगड. पण त्याच्यावर एक वेल कोरलेली होती. पायथ्यापासून निघून वर चढणारी, दोन्ही बाजूंना पानं टाकत जाणारी, आणि जिथे क्रूसाचा डावा हात फुटतो तिथे एक पक्षी. इतक्या वर्षांच्या पावसाने ती इतकी झिजली होती की नजरेला काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते बोटाला. आजोबांनी ते बाबांना दाखवलं आणि बाबांनी मला. मी तेव्हा त्यांच्या खांद्यावर बसण्याएवढी होते. म्हणाले, "डोळे मिट, म्हणजे दिसेल." मी हात ठेवला तर आधी नुसता खरबरीत दगड. बाबा म्हणाले, "घाई करू नकोस." मग एक कड लागली. कडेबरोबर बोट गेलं तर ते पान निघालं. पानाला देठ होता. देठावरून वेलीवर आले, वेलीवरून वर, आणि मग माझ्या बोटाखाली एक छोटं डोकं आलं, चोच आली, आणि मान मागे वळवून बसलेला तो आख्खा पक्षी आला. मी डोळे उघडले तर समोर काळा दगड. परत मिटले तर पक्षी. इतकी खूश मी त्यानंतर फार वेळा झालेली नाही.

पुढे बाबांनी धांदल्यालाही तसंच खांद्यावर घेतलं. मी तिथेच होते. त्याने हात ठेवला न ठेवला, म्हणाला, "काही नाही इथे," आणि खाली उडी मारून पळाला, कारण भिंतीपलीकडे पोरं चेंडू खेळत होती. बाबा हसले. म्हणाले, "राहू दे, पुढच्या वेळी." पुढची वेळ कधी आली नाही. तो मोठा झाला, शेडमध्ये आला, काम वाढलं, आणि बापलेकांमध्ये बोलायला विषय राहिला एकच, पोट आलंय की नाही.

मग बाबांचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचं धूसर झालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, तरी ऑपरेशन करून बघू. शहरात आत्याचं घर होतं, तिथे मी बाबांना घेऊन गेले आणि तपासण्या, ऑपरेशन, पट्ट्या, परत तपासण्या यांत आमचा मुक्काम लांबत गेला. बाबा आत्याच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून हात फिरवून म्हणायचे, "हा कुणी बसवला? पोट आहे याला." आत्या म्हणायची, "दादा, तू आजारी आहेस ना? मग आजाऱ्यासारखा पड."

इकडे गावात दफनभूमीच्या समितीने ठरवलं की क्रूसाशेजारी माहितीचा फलक लावायचा, आणि फलक लावायचा तर क्रूस जरा स्वच्छ करून घ्यायचा. अध्यक्ष धांदल्याकडे आले. धांदल्या हो म्हणाला. फोनवर मला म्हणाला, "ताई, बाबांसाठी एक गंमत करतोय. त्यांना सांगू नकोस." मला वाटलं, शेडला रंग देत असेल. मी विचारलंही नाही. माझ्या डोक्यात तेव्हा थेंबांच्या बाटल्या आणि त्यांच्या वेळा होत्या.

ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. उजेड आणि सावली, एवढंच बाबांना राहिलं. परत आलो तेव्हा धांदल्या बसथांब्यावर उभा होता, नेहमीप्रमाणे वेळेच्या बराच आधीपासून. बॅग त्याने माझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाला, "आधी दफनभूमीत जाऊ."

मी म्हटलं, "अरे, माणूस जिवंत परत आलाय. त्याला आधी घरी ने."

"पाच मिनिटं, ताई. ऊन आहे तोवर."

फाटकातून आत शिरलो आणि मला तो दिसला. पांढरा. वाळूचा दगड आतून असतो तसा फिकट, दुधाळ, वरपासून खालपर्यंत एकसारखा. मागच्या काळ्या झुडपांपुढे तो असा उठून दिसत होता की क्षणभर मला ओळखूच आला नाही. मग ओळखला, आणि माझी नजर थेट पक्ष्याच्या जागेवर गेली.

"बाबा," धांदल्या म्हणाला, "समोर बघा. काही दिसतंय?"

बाबांनी मान इकडेतिकडे केली. मग थांबले. "पांढरं काहीतरी आहे. उभं."

"क्रूस आहे, बाबा. आपला क्रूस. डॉक्टरांनी ताईला सांगितलं होतं ना, काळ्यावर पांढरं असेल तर कळेल म्हणून. मी तेच धरून चाललो. आधी ब्रशने घासलं, पण डाग जाईनात. मग ॲसिड लावलं. तरी काळं राहिलंच. शेवटी ग्राइंडर घेतला आणि वरची कातडीच काढली. फार खडबडीत होता हो, सगळा उंचसखल. सगळं एका पातळीत आणलं. हात लावून बघा. बोटाला काही लागलं तर माझं नाव बदला."

मी त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा असा झाला होता की त्याच्या थोबाडीत मारावी असंही वाटत होतं आणि त्याला जवळ घ्यावं असंही. वडिलांना आंधळेपणातही दिसेल असं काहीतरी त्याने केलं होतं, आणि ते खरोखर दिसलं होतं. ती गोष्टही खोटी नव्हती.

बाबा पुढे झाले. पँटला हात पुसले. डोळे मिटले, आता मिटायची गरज नव्हती तरी. तळवा पायथ्याला ठेवला आणि वर नेऊ लागले. मला माहीत होतं ते काय शोधताहेत. पहिलं पान उजवीकडे असायचं, तिथे त्यांची बोटं गेली आणि घसरली. दुसरं डावीकडे. तिथेही घसरली. मग त्यांनी हात लांब केला, चवड्यांवर उभे राहिले आणि डावा हात फुटतो तिथे बोट टेकवलं. तिथे त्यांचं बोट गोल गोल फिरत राहिलं. कितीतरी वेळ.

धांदल्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो नेहमीसारखा 'इथे पोट आलंय' याची वाट बघत होता.

बाबांनी हात खाली घेतला. म्हणाले, "छान झालंय रे. फार छान काम केलंस."

माझा भाऊ दोन मुलांचा बाप आहे. तो फाटकापाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. मी बाबांचा दंड धरला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबला. म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसण्याचे प्रसंग थोडे असतात, पण असतात.

त्यानंतर धांदल्या बदललाच. कामात ठाम झाला. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "काळजी करू नका, आमच्या बाबांनी हात फिरवून पसंत केलेला हात आहे हा." शेजारच्या गावांतूनही बोलावणी आली, आमचाही क्रूस उजळून द्या म्हणून. फलक लागला, फादरांनी प्रार्थना केली, अध्यक्षांनी भाषण केलं, लोक म्हणाले, अगदी नवा वाटतो. आठशे वर्षांच्या क्रूसाला नवा वाटतो म्हणणं ही स्तुती कशी काय, हे मला अजून कळलेलं नाही.

बाबा मात्र रोज दफनभूमीत जायला लागले. सकाळी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायची, पुढची वाट त्यांना पाठ होती. दुपारी न्यायला गेले की ते क्रूसापाशी सापडायचे. पण पुढच्या बाकावर नाही, मागे, भिंत आणि क्रूस यांच्यामधल्या त्या काट्यांत. पाठ भिंतीला टेकून, एक हात दगडावर. लोक म्हणू लागले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. भावजय म्हणाली, "ताई, त्यांना उन्हाची तिरीप लागत असेल पुढे." धांदल्या हसून म्हणाला, "बाबा, मी पुढचं एवढं आरशासारखं करून दिलं आणि तुम्ही मागे बसता? मागे मी काही केलेलंच नाही. त्या काट्यांत कोण शिरणार?"

"मागे सावली असते," बाबा म्हणाले.

एका संध्याकाळी मी त्यांच्या हातांना मलम लावत होते. दोन्ही हातांवर ओरखडे, बोटांच्या पेरांत काटे मोडलेले. सुईने काटे काढता काढता माझा तोल सुटला. म्हटलं, "सावलीसाठी माणूस एवढं रक्त काढून घेत नाही. काय आहे तिथे?"

ते म्हणाले, "मागच्या बाजूलाही वेल आहे. पक्षी नाही, पण वेल आहे. पूर्ण. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं बघ. मागे बघायचं सुचलंच नाही. पुढे होतं ना."

माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की मला राग येतो. "मग त्याला सांगा. सांगा त्याला की तू काय घालवलंस. तुमचाच मुलगा आहे, काही आभाळ कोसळत नाही. आयुष्यभर नखाएवढ्या चुकीसाठी त्याला दगड परत घासायला लावलेत, आणि आता एवढं झालं तर छान?"

"तेच तर," बाबा म्हणाले. "आयुष्यभर त्याला काय सांगितलं मी? बोटाला काही लागता कामा नये. त्याने नाही लागू दिलं. माझंच ऐकलं पोराने. कुणाला बोलू?"

"पण तुम्ही त्याला दाखवलं होतं लहानपणी."

"एकदा. आणि चुका दाखवल्या रोज." त्यांनी हात माझ्या हातातून काढून घेतला. "त्याला दाखवायचं राहून गेलं. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत राहिलं. दगड गेला तो गेला. आता त्याला सांगून पोरगाही घालवू का? तू त्याला बोलायचं नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. रागाने दिला, पण दिला.

हिवाळ्यात बाबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही, पांघरुणाची घडीसुद्धा फारशी मोडली नव्हती. त्यांच्या दगडाची अक्षरं मी आखली. पुन्हा पुन्हा पुसून आखली. धांदल्याने ती कोरली आणि दगड इतका घासला, इतका घासला, की शेवटी भावजयीने त्याच्या हातातून कापड ओढून घेतलं. काम झाल्यावर त्याने डोळे मिटून दगडावरून तळवा फिरवला, अगदी बाबांसारखा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, बाबा काय म्हणाले असते?"

"चालेल म्हणाले असते," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "छान म्हणाले असते. क्रूसाला म्हणाले होते."

क्रूसावरचं ते एक 'छान' त्याला पुरून उरलं होतं. मी बघत होते ना. इतर घरांत मुलगे बापाच्या मागे घरासाठी भांडतात, जमिनीसाठी भांडतात. माझ्या भावाला एक शब्द मिळाला होता आणि तो त्यावर सुखी होता. बाबांचा हिशेब बरोबर होता असं मलाही वाटू लागलं. वर्षभर मी एक चकार शब्द काढला नाही.

बाबांचा वर्षदिन जवळ आला. त्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये एका बाईच्या नवऱ्याची ओळ आखत होते. 'शांत स्वभावाचा' लिहा म्हणाली होती. गावात त्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जायचा, पण मी काय बोलणार. भावजय आली आणि म्हणाली, "ताई, हे कोयता घेऊन दफनभूमीत गेलेत. मागची झाडी काढायला. बाबा तिथे बसायचे ना, म्हणून ती बाजूही पांढरी करून ठेवायची म्हणतात. वर्षदिनाला सगळ्यांना दाखवायची. तुम्हाला सांगू नको म्हणाले, गंमत आहे म्हणून."

पुन्हा गंमत. मी पेन्सिल टाकली आणि तशीच निघाले. माझं वय पळण्याचं नाही, पण पळाले. वाटेत फादर भेटले, ते हसून काही म्हणाले, मी थांबले नाही. पळताना डोक्यात एकच गोष्ट होती. बाबांना दिलेला शब्द पाळला तर वेल जाते, आणि मोडला तर भावाजवळचं एकमेव 'छान' जातं. दोन्ही बाबांचंच. बाबा मात्र सुटले होते.

फाटकातून शिरले तर चर्चच्या भिंतीतून निघालेली लांब वायर कबरींच्या मधून सापासारखी पसरली होती. झुडपं कापून एका बाजूला ढीग लावला होता. मागची बाजू पहिल्यांदाच उघडी पडली होती, काळी, शेवाळाने माखलेली. तिच्यासमोर माझा भाऊ, नाकाला रुमाल, डोळ्यांना चष्मा, हातात ग्राइंडर. त्याने बटण दाबलं आणि ते यंत्र किंचाळायला लागलं. मी हाक मारली, ती त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी खाली वाकले आणि वायरीचा जोड धरून ओढला.

यंत्र थांबलं. त्याने वळून बघितलं. "ताई? वायर निघाली वाटतं."

"मी काढली."

"का? आणि तुला कुणी सांगितलं? हिच्या पोटात एक गोष्ट राहत नाही."

"ते खाली ठेव," मी म्हटलं. "आणि इकडे ये. तो मोजा काढ हातातला."

"अगं, मला दुपारपर्यंत..."

"धांदल्या."

माझा आवाज बहुतेक बाबांसारखा झाला असावा. त्याने ग्राइंडर गवतावर ठेवला, हातमोजा काढला. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात पायथ्याजवळ दगडावर ठेवला. "डोळे मिट."

"ही काय मस्करी आहे?"

"मिट."

त्याने मिटले. म्हणाला, "खरबरीत आहे. म्हणून तर घासतोय."

"घाई करू नकोस."

तो उभा राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, काही नाही इथे. आणि उडी मारून जाईल. पण बाबा गेल्यापासून तो थोडा बदलला होता. बोट उजवीकडे सरकलं. थांबलं. जरा मागे आलं, परत पुढे गेलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला कळलं की कड लागली. त्याचं बोट पानाच्या टोकापर्यंत गेलं, वळलं, देठावर आलं. मग वेलीवर. त्याने दुसरा हातही ठेवला. दोन्ही हात वर चढत गेले, एक पान उजवीकडचं, एक डावीकडचं, कितीतरी वेळ, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुठे जायची घाई नव्हती.

वर हात पुरेनात तेव्हा तो थांबला. डोळे मिटलेलेच होते. म्हणाला, "हे मागेच आहे फक्त?"

मी ग्राइंडर पायाने आणखी लांब सरकवला.

"ताई, पुढे पण होतं?"

"होतं," मी म्हटलं. "पुढे पक्षीही होता."

त्याने डोळे उघडले. आधी काळ्या दगडाकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग गवतावर पडलेल्या ग्राइंडरकडे. झुडपांच्या ढिगाकडेही बघितलं, आणि बाबांच्या बोटांतले काटे त्याला आठवले असावेत, कारण तो मटकन खाली बसला. बाबा बसायचे तिथेच.

"बाबांना त्या दिवशी कळलं होतं?"

"लगेच कळलं."

"मग छान का म्हणाले?"

मी खूप विचार करून काही शहाणपणाचं बोलायला हवं होतं. पण मला शहाणपणाचं वेळेवर सुचत नाही. मी बाबा बोलले होते तेच सांगितलं. "म्हणाले, त्याने माझंच ऐकलं. बोटाला काही लागता कामा नये हे मीच शिकवलं, हे दाखवायचं राहून गेलं. म्हणाले, दगड गेला, आता पोरगा घालवू का."

तो रडेल असं मला वाटलं होतं. रडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बसून राहिला, हातमोजा उलटा-सुलटा करत. मग उठला, मला म्हणाला, "पक्षी कुठे होता?" आणि माझ्या मागोमाग पुढच्या बाजूला आला.

पुढे ऊन होतं. तो पांढरा दगड डोळ्यांवर येत होता. मी चवड्यांवर उभी राहिले, त्याचं बोट धरलं आणि डावा हात फुटतो तिथे नेऊन टेकवलं.

"कसा होता?"

"मान मागे वळवून बसलेला." खिशात नेहमीची पेन्सिल होती. मी ती काढली, म्हटलं, आखून दाखवते. जन्म गेला माझा दगडावर आखण्यात. पेन्सिल टेकवली आणि हात हलेना. मी तो पक्षी कधी बघितलाच नव्हता. तो माझ्या बोटांना माहीत होता, मला नाही. दगडावर एक ठिपका तेवढा उमटला.

धांदल्याने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. बाबांनी फिरवलं होतं तसंच गोल गोल फिरवत राहिला, पुन्हा पुन्हा, डोळे मिटून. ठिपका केव्हाच पुसला गेला.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "बोटाला काहीच लागत नाही गं."